घरच्या टाकीतील गोड्या पाण्याचे शिंपले तीन महिन्यांत का मरतात?

मुठाकाठ, पुणे (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आहे. तिच्यात सुमारे शंभर लिटर पाणी मावते. गेली चार वर्षे त्यात गप्पी, कोरिडोरास आणि काही लहान बार्ब मासे सुखाने नांदत होते. श्रावणात मी दुकानातून सहा शिंपले आणले. दोन मोठे, साडेतीन इंच लांबीचे आणि काळपट हिरवे होते. उरलेले चार लहान, सव्वा इंचाचे, पिवळसर, पाठीवर एकामागून एक उठावदार रेषा असलेले. हे शिंपले टाकीतील घाण खातात, पाणी आपोआप स्वच्छ ठेवतात आणि त्यांना वेगळे अन्न द्यावे लागत नाही, असे मला सांगण्यात आले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

पहिला महिना त्यांच्याकडे पाहण्यात फार आनंद होता. मोठा शिंपला किंचित उघडून शेजारी शेजारी दोन भोके दाखवत असे, आणि माझी आठ वर्षांची मुलगी शाळेत जाण्यापूर्वी ती भोके उघडी आहेत का हे पाहिल्याशिवाय दप्तर उचलत नसे. पुढे मात्र शिंपले जागा बदलू लागले, आडवे पडू लागले, भोके दिसेनाशी झाली. दिवाळीनंतर एके सकाळी पाणी दुधासारखे पांढुरके झालेले होते, खोलीत कुजका वास भरला होता आणि आठ मासे मेले होते. एक मोठा शिंपला उघडा पडलेला होता. आत मांस जवळजवळ नव्हतेच, होता तो पातळ, पारदर्शक असा गोळा. अमोनिया तपासण्याच्या संचाने गडद हिरवा रंग दाखवला. मी त्याच दिवशी निम्मे पाणी बदलले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच बदलले आणि उरलेले मासे वाचले.

टाकीला वरचा फिल्टर आहे, तळाशी दोन इंच जाडीचे वाटाण्याएवढे गोटे आहेत, पाणी महापालिकेचे असून उन्हाळ्यात त्यात बोअरचे मिसळले जाते. पाणी बदलताना मी क्लोरीन घालवण्यासाठी हायपो वापरतो. माशांसाठी सर्व काही ठीक असलेल्या पाण्यात शिंपले का टिकले नाहीत, उरलेले पाच जिवंत आहेत की नाहीत हे कसे ओळखावे, आणि ते जिवंत असतील तर त्यांना काय खाऊ घालावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आता ते मरू नयेत अशी आम्हा दोघांची मनापासून इच्छा आहे.

हिरवे पाणी, नाशिक

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपणच लिहिली आहे: आत मांस जवळजवळ नव्हते. तो शिंपला उपासमारीने मेला. विषाने किंवा रोगाने अचानक मेलेल्या शिंपल्यात मांस भरलेले असते. महिनोन्महिने उपाशी राहिलेला शिंपला स्वतःच्या शरीरात साठवलेले ग्लायकोजेन आणि नंतर स्वतःचे मांसच जाळत राहतो, आणि बाहेरून मात्र त्याचे कवच पहिल्या दिवशी होते तसेच दिसते. मासा खंगला की पोट खपाटीला गेलेले दिसते. शिंपल्याच्या बाबतीत ही सूचना आपल्याला मिळतच नाही. म्हणूनच ‘तीन महिने छान होता आणि एकदम मेला’ हे वाक्य शिंपले पाळणाऱ्यांकडून इतक्या वेळा ऐकू येते. तो एकदम मेलेला नसतो.

शिंपला घाण खातो हे वाक्य बहुतेक दुकानांत ऐकायला मिळते आणि ते चुकीचे आहे. आपण पाहत होता त्या दोन भोकांपैकी एकातून तो पाणी आत घेतो, कल्ल्यांवरून ते फिरवतो, त्यातील सूक्ष्म शेवाळ, जिवाणू आणि अतिशय बारीक सेंद्रिय कण पकडतो आणि उरलेले पाणी दुसऱ्या भोकातून बाहेर सोडतो. माशांची विष्ठा, काचेवरचे शेवाळ, तळाशी पडलेले दाणे यांपैकी काहीही तो उचलून खाऊ शकत नाही. जे कण त्याला नको असतात ते तो चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकतो, म्हणजे ती घाण टाकीतच राहते. शिवाय तो स्वतःही अमोनिया सोडतो. टाकीतील पाणी आरशासारखे स्वच्छ असणे ही माशांच्या मालकाला अभिमानाची गोष्ट वाटते. शिंपल्याच्या दृष्टीने ते रिकामे ताट आहे. आपला फिल्टर जितका चांगला, तितका हा दुष्काळ कडक.

प्रथम उरलेल्या पाचांची तपासणी करावी. मिटलेला शिंपला जिवंत असण्याची शक्यता मोठी आहे, कारण कवच मिटून ठेवणारे स्नायू जिवंत असेपर्यंतच काम करतात. प्राण गेला की दोन्ही शिंपांना जोडणारी बिजागरीची पट्टी त्यांना आपोआप उघडते. किंचित उघडा दिसणारा शिंपला बोटाने हलकेच स्पर्शून पाहावा. तो मिटला तर जिवंत आहे. मिटत नसेल, किंवा दाबून मिटवल्यावर पुन्हा उघडत असेल, तर तो गेलेला आहे. शंका असल्यास तो टाकीच्याच पाण्याने भरलेल्या वाडग्यात एक रात्र वेगळा ठेवावा आणि सकाळी पाण्याचा वास घ्यावा. वाळूत गाडलेला मेलेला शिंपला शोधून सापडत नाही, म्हणून मी प्रत्येकाची जागा दर दोन दिवसांनी पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

आता अन्नाविषयी. मी टाकीतून काढलेले जुने पाणी फेकत नाही. ते वीस लिटरच्या पारदर्शक बरणीत भरून गॅलरीत, सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारचे मिळणार नाही अशा जागी ठेवतो आणि त्यात हवेचा एक बारीक पाइप सोडतो. माशांच्या विष्ठेतील नायट्रेट हेच त्या शेवाळाचे खत असते. आठ ते पंधरा दिवसांत पाणी हिरवे होते. बरणीमागे वर्तमानपत्र धरावे. मथळा वाचता येतो पण बातमी वाचता येत नाही इतके ते हिरवे झाले की वापरण्याजोगे झाले असे मी समजतो. त्यातले दोन लिटर काढले की तितकेच जुने पाणी पुन्हा घालायचे. बाहेरच्या डबक्यातील हिरवे पाणी आणू नये, त्याबरोबर जळवा आणि कीटकांची पिल्ले येतात.

रोज संध्याकाळी फिल्टर बंद करून आपल्या आकाराच्या टाकीत एक लिटर हिरवे पाणी सावकाश सोडावे आणि दीड-दोन तासांनी फिल्टर पुन्हा सुरू करावा. फिल्टर बंद असतानाही हवेचा दगड चालू राहिला पाहिजे. पाणी आधी फिकट हिरवे दिसेल आणि काही तासांत निवळेल. फिल्टर बंद असताना निवळले तर ते शिंपल्यांनी खाल्ले असे मानायला जागा आहे. टाकीला अतिनील दिवा लावलेला असल्यास तो काढून टाकावा, कारण तरंगते शेवाळ मारणे हेच त्याचे काम आहे. हिरवे पाणी कमी पडेल तेव्हा स्पिरुलिनाची पूड चिमूटभर घेऊन ती पेलाभर पाण्यात गुठळी न राहता घोळून घातली तरी चालते. पीठ, दूध, यीस्ट यांच्या नादी लागू नये. मी पहिल्या वर्षी कणीक घोळून घातली होती. पाणी दोन दिवसांत नासले आणि पाचही शिंपले गेले. ती चूक मला आजही सलते.

दुसरी गोष्ट तळाची. वाटाण्याएवढ्या गोट्यांत शिंपल्याला पाय रोवता येत नाही. त्याचा पाय जिभेसारखा मऊ असतो आणि बारीक वाळूत तो घुसवून शिंपला स्वतःला खेचून घेतो. मोठ्यांसाठी निदान चार इंच बारीक, धुतलेली नदीची वाळू हवी. आपले शिंपले जागा बदलत होते आणि आडवे पडत होते ते रुतण्याजोगी जागा शोधत होते, असे मला वाटते.

जांभ्याची विहीर, राजापूर तालुका

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. फक्त कोकणातील पाण्याचा अनुभव जोडते, कारण पुण्याचे धरणाचे पाणीही फारसे जड नसते आणि हीच अडचण तिथेही येऊ शकते. आमच्या विहिरी जांभ्या दगडातल्या आहेत. या पाण्यात कॅल्शियम फारच थोडे असते आणि ते किंचित आम्लही असते. माझ्या शिंपल्यांना खायला भरपूर मिळत होते, तरीही वर्षभरात त्यांच्या कवचाचा सर्वांत जुना भाग, म्हणजे बिजागरीजवळचा उंचवटा, झिजून पांढरा खडूसारखा दिसू लागला. बाहेरचे तपकिरी सालीसारखे आवरण एकदा निघाले की खालचा चुना उघडा पडतो आणि आम्ल पाणी तो विरघळवत राहते. एका शिंपल्याच्या कवचाला तिथे भोक पडण्याची वेळ आली होती.

यावर मी केलेला उपाय साधा आहे. समुद्रकाठचे जुने, कोरडे, रिकामे शिंपले गोड्या पाण्यात चांगले उकळून, जाडसर कुटून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या प्रवाहात ठेवले. पाणी आम्लतेकडे झुकले की ते थोडे थोडे विरघळते आणि पाणी पुन्हा सावरते. सामू (पीएच) सात ते आठच्या दरम्यान आणि कार्बोनेटची जडता पाच-सहा अंश राहील असे मी पाहते. फार घाई करू नये. एका दिवसात पाण्याचा गुणधर्म बदलला तर मासे आणि शिंपले दोघांनाही त्रास होतो. घरात आरओचे पाणी येते म्हणून कौतुकाने तेच टाकीत ओतणारेही मी पाहिले आहेत. त्या पाण्यात कवच बांधायला काहीच उरलेले नसते. आपल्या बोअरच्या पाण्याबद्दल माशांचे काही म्हणणे असले तरी शिंपल्यांची त्याविषयी तक्रार असणार नाही, फक्त पालिकेच्या पाण्यावरून त्यावर जाताना ते थोडे थोडे मिसळावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. माशांना पांढरे ठिपके किंवा बुरशी झाली की जी औषधे दिली जातात, त्यांतील कित्येकांत तांबे असते आणि गोगलगायी मारण्याच्या औषधांत तर ते बहुतेकदा असते. तांब्याची जी मात्रा मासा सहन करतो ती शिंपल्याला मारते. औषध द्यायचे असेल तर माशांना वेगळ्या बादलीत काढून द्यावे. तांब्याच्या कळशीत साठवलेले पाणीही मी टाकीला वापरत नाही.

आमच्याकडे बाजारात तिसऱ्या नावाचे खाण्याचे शिंपले जिवंत मिळतात म्हणून त्या टाकीत सोडून पाहाव्यात असे अनेकांच्या मनात येते. त्या खाडीच्या, खाऱ्या पाण्याच्या आहेत. गोड्या पाण्यात त्या कवच घट्ट मिटून काही दिवस काढतात, त्यामुळे जगल्या असा भास होतो, आणि मग सगळ्या एकदम सडतात. हा प्रयोग कृपया कोणी करू नये.

तळ्यावरचा, भंडारा

मी गोड्या पाण्यात मोती पिकवण्याचे प्रशिक्षण भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत घेतले आहे आणि आमच्या भागातील एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या कोपऱ्यात काही वर्षे शिंपले सांभाळले आहेत. त्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आपले दोन मोठे शिंपले वर्णनावरून लॅमेलिडेन्स या वंशातले आहेत. आपल्याकडच्या तळ्यांत आणि संथ नद्यांत हेच सर्वाधिक आढळतात, आणि मोत्यांसाठीही प्रामुख्याने यांचाच, मार्जिनालिस आणि कोरियानस या दोन जातींचा, उपयोग होतो. त्यांच्याबरोबर पॅरेसिया नावाचे, आकाराने लहान पण जाड कवचाचे आणि बिजागरीजवळ सुरकुत्या असलेले शिंपलेही वापरतात. लहान, पिवळे आणि उठावदार रेषांचे जे चार आहेत ते मात्र कॉर्बिक्युला आहेत. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले जातात, पण त्यांची गरज एकसारखी नाही.

मोत्याच्या शेतीत शिंपल्याला कोणी खाऊ घालत नाही. खाऊ घातले जाते ते पाण्याला. तळ्यात ठरावीक काळाने शेण आणि इतर खते टाकून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढवले जाते, आणि शिंपले नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत, एका पिशवीत दोन या हिशेबाने, बांबूला किंवा पाइपला बांधून सुमारे एक मीटर खोलीवर टांगले जातात. एका हेक्टरच्या तळ्यात वीस ते तीस हजार शिंपले या पद्धतीने बारा ते अठरा महिने राहतात. आकडा मोठा वाटेल, पण एका हेक्टरच्या तळ्यात पाणी किती आणि त्यात दिवसभर ऊन पिऊन वाढणारे शेवाळ किती, याचा विचार केल्यास आपल्या शंभर लिटरमध्ये दोन मोठे शिंपलेही जास्त होते हे लक्षात येईल.

आता जी गोष्ट दुकानात सांगितली जात नाही ती सांगतो. मोत्याचे केंद्रक, म्हणजे ज्याभोवती मोती बनतो तो कण, बसवण्यापूर्वी शिंपले दोन-तीन दिवस साध्या नळाच्या पाण्यात, लिटरला एक अशा दाटीने मुद्दाम ठेवले जातात. त्याने त्यांचे मिटण्याचे स्नायू सैल पडतात आणि कवच न मोडता थोडे उघडता येते. दोन-तीन दिवसांच्या दाटीने आणि उपासाने जर स्नायू सैल पडत असतील, तर तळ्यातून काढून, पोत्यात घालून, ठोक व्यापाऱ्याच्या टबात आणि मग दुकानाच्या काचेत आठवडे काढलेल्या शिंपल्याची अवस्था काय असेल? तो आपल्या घरी येतो तेव्हाच त्याची शिदोरी अर्धी संपलेली असते. म्हणून विकत घेताना जो हात लावताच घट्ट मिटतो, आकाराच्या मानाने जड लागतो आणि ज्याला वास येत नाही, तोच घ्यावा. आणि हिरव्या पाण्याची बरणी तयार झाल्यानंतरच घ्यावा. आमच्याकडचे ढिवर बांधव तळ्याच्या काठच्या गाळात पायाने चाचपून शिंपला काढतात, आणि तो ज्या गाळात सापडतो तो गाळ कधीही स्वच्छ नसतो. अभयारण्याच्या हद्दीतील तळ्यांतून मात्र काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, हे लक्षात असू द्यावे.

कॉर्बिक्युलाबद्दल थोडेसे अधिक. तो पाणी गाळून तर खातोच, पण पायाने तळातील बारीक सेंद्रिय कण गोळा करूनही खाऊ शकतो. म्हणजे त्याला वाळू हवी आणि ती फार धुतलेलीही नको. आपल्या गोट्यांत त्याचे दोन्ही मार्ग बंद झाले होते. दुसरे असे की त्याला प्राणवायू भरपूर लागतो आणि पाणी तिशीच्या वर तापले की तो आधी दगावतो. उष्णतेने प्रत्येक शिंपल्याची भूकही वाढते, त्यामुळे ज्या अन्नावर तो थंडीत तग धरतो त्याच अन्नावर उन्हाळ्यात खंगतो.

अमोनियाच्या बाबतीत हे प्राणी किती नाजूक आहेत हे कळावे म्हणून एक दाखला देतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये गोड्या पाण्यातील अमोनियाच्या मर्यादा नव्याने ठरवल्या, त्या गोड्या पाण्यातील शिंपले आणि गोगलगायी यांची संवेदनशीलता लक्षात घेऊन अधिक कडक केल्या. आपल्या टाकीत एकाच्या मरणाने जो अमोनिया वाढला त्याची झळ उरलेल्या पाचांनाही लागलेली असणार, म्हणून पुढचे पंधरा दिवस रोज तपासणी करावी.

मुठाकाठ, पुणे

आपण सर्वांनी इतकी सविस्तर उत्तरे दिलीत याबद्दल मनापासून आभार. काल पाचही शिंपले वेगवेगळ्या वाडग्यांत रात्रभर ठेवले. उरलेला मोठा जिवंत आहे, पण स्पर्श केल्यावर फार सावकाश मिटतो. चार लहानांपैकी एक म्हणजे फक्त चिखल भरलेले कवच निघाले. तो केव्हा गेला हे आम्हाला कळलेही नव्हते. तीन व्यवस्थित आहेत. गॅलरीत बरणी ठेवली आहे आणि माळ्यावरची जुनी दोन फुटी टाकी धुऊन काढली आहे. तिच्यात वाळू भरून फक्त शिंपल्यांची टाकी करावी असा विचार आहे.

दोन शंका आहेत. टाकीत त्यांची पिल्ले होऊ शकतात का? आणि मोठा शिंपला माझ्याकडून सांभाळला जाणार नसेल, तर तो उपाशी मरण्यापेक्षा मुळा नदीत किंवा पाषाणच्या तलावात सोडून देणे त्याच्या दृष्टीने बरे नाही का?

ईरीकाठ, क्लीव्हलँड

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी राहतो, आणि आपला दुसरा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. कृपया सोडू नका. आपली भावना मला समजते, परंतु दुकानातला शिंपला कोणत्या पाण्यातून आला हे आपल्याला किंवा दुकानदाराला सांगता येत नाही, आणि त्याच्याबरोबर कोणते परजीवी किंवा कोणती दुसरी जात येईल हेही सांगता येत नाही.

कॉर्बिक्युला आशियातला. अमेरिकेत तो १९३८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीत जिवंत सापडला आणि त्यानंतर देशभरच्या नद्यांत पसरला. वीजनिर्मिती केंद्रांचे पाण्याचे पाइप तो तुंबवतो. आमच्या सरोवरांत १९८८ मध्ये झेब्रा शिंपला सापडला. तो जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला होता. काही वर्षांतच त्याने ईरीचे पाणी इतके गाळून काढले की पाहणाऱ्याला ते सुंदर, निळे दिसू लागले. पण ज्या शेवाळावर स्थानिक शिंपले जगत होते तेच संपले, आणि झेब्रा शिंपले त्यांच्या कवचांवर थरच्या थर चिकटून बसले. सरोवराच्या पश्चिम भागातून स्थानिक शिंपले जवळजवळ नाहीसे झाले. वर आपल्या टाकीविषयी जे लिहिले गेले, की स्वच्छ पाणी म्हणजे रिकामे ताट, ते इथे मी सरोवराच्या आकारात पाहतो. आणि २०२१ च्या मार्चमध्ये तर हेच झेब्रा शिंपले मत्स्यालयाच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोल गोळ्यांत सापडले, तेव्हा देशभरातील दुकानांतून ते गोळे मागे घ्यावे लागले. टाकी आणि नदी यांच्यात वाटते तेवढे अंतर नसते.

पिल्लांविषयी सांगायचे तर मोठ्या शिंपल्याची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ राहते आणि मगच तळाशी उतरून शिंपला होते. घरच्या टाकीत हे सहसा तडीस जात नाही, कारण योग्य मासा हवा आणि खाली उतरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून अन्न हवे. कॉर्बिक्युलाला मासा लागत नाही. तो पिल्ले आपल्याच कल्ल्यांत वाढवून बाहेर सोडतो आणि काही जातींत एकटा शिंपलाही पुरतो. म्हणून शिंपल्यांच्या टाकीतील पाणी आणि वाळू गटारात किंवा ओढ्यात न टाकता झाडांच्या मातीत, कोरड्या जागी टाकावी.

मुठाकाठ, पुणे

पाच आठवड्यांनंतर लिहीत आहे. मोठा शिंपला तिसऱ्या आठवड्यात गेला. तो बहुधा आधीच फार खालावलेला होता. मात्र या वेळी मुलीने सकाळी स्पर्श केल्यावर तो मिटला नाही हे लगेच सांगितले, आम्ही त्याला त्याच वेळी बाहेर काढले आणि पाण्यात अमोनियाचा रंग चढला नाही. त्याला नदीत न सोडता कुंडीत पुरले.

तीन लहान शिंपले दोन फुटी टाकीत आहेत. अडीच इंच बारीक वाळू घातली, तिच्यावर जुन्या टाकीतील थोडा गाळ पसरला, फिल्टर न लावता फक्त हवेचा दगड ठेवला आणि सोबत चार गप्पी सोडले. पहिल्याच रात्री तिघेही वाळूत इतके खोल गेले की भीती वाटली, पण आता रोज सकाळी वाळूच्या पातळीवर तीन ठिकाणी दोन-दोन बारीक भोके दिसतात. हिरवे पाणी सोडले की ती अधिक उघडतात. पाणी संध्याकाळी फिकट हिरवे असते आणि झोपण्याच्या वेळेपर्यंत निवळते. मुलीने टाकीच्या मागे वर्तमानपत्र चिकटवून ठेवले आहे आणि कोणती ओळ वाचता आली हे ती वहीत लिहिते. कुटलेल्या शिंपांची पिशवीही टांगली आहे.

उन्हाळ्याची मात्र धास्ती आहे. आमचा वरचा मजला आहे आणि एप्रिलमध्ये खोलीचे तापमान पस्तीसच्या पुढे जाते.

हिरवे पाणी, नाशिक

टाकी भिंतीपासून दूर, खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात आणि शक्यतो जमिनीलगत आताच हलवा. उन्हाळ्यात हलवताना त्यांना त्रास होईल. झाकण काढून त्याजागी जाळी लावावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लहान पंखा ठेवावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, कोरड्या हवेत त्याहूनही अधिक. जितके पाणी उडेल तितके रोज भरावे. मार्चपासून हवेचे दोन दगड ठेवावेत, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. गॅलरीतील बरणीही त्या दिवसांत घरात, खिडकीजवळ घ्यावी. कडक उन्हात ती एका दुपारीत तपकिरी होऊन वास मारू लागते, आणि तसे पाणी शिंपल्यांना एक थेंबही घालू नये. दोन बरण्या ठेवाव्यात, म्हणजे एक बिघडली तर दुसरी हाताशी राहील.

आणि पावसाळा सुरू होईपर्यंत चौथा शिंपला आणू नका.

मुठाकाठ, पुणे

टाकी आजच जमिनीलगत, पूर्वेच्या खिडकीखाली हलवली. दुसरी बरणीही भरून ठेवली आहे. संध्याकाळपर्यंत तिघांपैकी दोघांनी भोके उघडली आहेत. तिसऱ्याची उद्या सकाळी शाळेपूर्वी तपासणी होईल.